थप्पीवरचं कार्ड आणि नऊ मीटरवरचा कॅमेरा

दादाचं गोदाम निपाणीच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत आहे. सोयाबीन, मका, भुईमुगाच्या शेंगा, ज्याचा हंगाम त्याची पोती. प्रत्येक थप्पीला पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक कार्ड आणि कार्डावर क्यूआर कोड. माल कोणाचा, कधी आला, पोती किती, ओलावा किती, सगळं त्या कोडात. दारावर आत तोंड करून एक कॅमेरा. दादाची कल्पना अशी, की कॅमेऱ्यानं जागेवरून सगळी कार्डं वाचावीत आणि कोणती थप्पी हलली ते रात्री बेळगावात घरी जेवताना कळावं. कल्पना चांगली होती. कॅमेरा मात्र एकही कार्ड वाचत नव्हता.

"काय गा," दादाचा फोन, "दोनचा काढून आठ मेगापिक्सेलचा बसवू काय? दुकानदार म्हणतोय चौपट साफ दिसतंय."

दादा माझा मावसभाऊ, वयानं बारा वर्षांनी मोठा. मी उद्यमबागेतल्या कारखान्यांत मशिनवर कॅमेरे बसवत काही वर्षं काढली आहेत, म्हणून घरात टीव्ही बंद पडला तरी मलाच फोन येतो. पण हा प्रश्न खरंच माझ्या गल्लीतला होता, आणि तो बऱ्याच जणांना पडतो. छापलेला कोड लांबून वाचायचा तर किती मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा?

आधी त्या "चौपट"चं बघू. २ मेगापिक्सेल म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. ८ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६०. एकूण ठिपके चौपट झाले हे खरं, पण आडवे बघितले तर दुप्पटच. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. चार गुंठ्यांचा चौरस आखला तर त्याचा बांध ६६ फुटांचा होतो, १३२ चा नाही. कोडातला तपशील बांधाच्या मापानं मोजायचा असतो आणि मेगापिक्सेल गुंठ्यांत विकले जातात. दुकानदार खोटं बोलत नव्हता, फक्त तो क्षेत्रफळ सांगत होता.

खरा प्रश्न कॅमेऱ्यापासून सुरूच होत नाही, तो कागदापासून सुरू होतो. क्यूआर कोड म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं. सगळ्यात लहान कोडात २१ बाय २१ घरं असतात. त्यानंतरची प्रत्येक पायरी चार घरांनी वाढत जाते, २५, २९, ३३, आणि चाळिसाव्या पायरीला १७७ बाय १७७. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ साली हे बनवलं ते मोटारींच्या सुट्या भागांसाठी, म्हणजे हातात धरून जवळून वाचायला. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की माझ्या कोडातल्या एका घरावर कॅमेऱ्याचे किती पिक्सेल, म्हणजे किती ठिपके, पडतात?

वडगाव-शहापुरात माग बघितलेल्यांना हे लगेच पटेल. साडीच्या काठावरचं फूल आधी चौकटीच्या कागदावर काढतात. त्या फुलाची सगळ्यात बारीक पाकळी एका धाग्यापेक्षा बारीक असूच शकत नाही, कारण रंग बदलायला धागाच बदलावा लागतो. कॅमेऱ्याचा पिक्सेल म्हणजे तो धागा. घर धाग्यापेक्षा लहान असेल तर काळं आणि पांढरं एकाच धाग्यात मिसळतं आणि राखाडी होतं. राखाडीतून काळं-पांढरं परत वेगळं काढणारं सॉफ्टवेअर कोणी विकत असेल तर जरा जपून.

मग एका घराला एक पिक्सेल पुरे का? कागदावर पुरे, प्रत्यक्षात नाही. विणकर घरं मोजून धागा लावतो. कॅमेऱ्याचे पिक्सेल कोडाच्या घरांवर असे जुळवून बसत नाहीत. पिक्सेल अर्धा काळ्या घरावर आणि अर्धा शेजारच्या पांढऱ्यावर पडला की तो कोणाचाच नसतो. दोन पिक्सेल दिले तर निदान एक तरी पूर्ण आत बसण्याची आशा असते. शिवाय कार्ड तिरकं लागलेलं असतं, लेन्स कडा थोड्या पुसते, आणि रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग मोजून बाकीचे दोन शेजाऱ्यांकडून उसने घेतो. हे सगळं धरून साध्या पट्ट्यांच्या बारकोडला सगळ्यात बारीक पट्टीमागे किमान दोन पिक्सेल आणि क्यूआरला घरामागे तीन ते पाच, असा हिशेब मी ठेवतो. चार धरा आणि गप्प बसा.

पट्ट्यांचा बारकोड त्यात जरा उदार असतो. बिस्किटाच्या पुड्यावरच्या तेरा आकडी कोडाची रुंदी ९५ घरांची, म्हणजे १९० पिक्सेल मिळाले की काम होतं. वर तो उंच असतो, एका ओळीत नीट वाचला नाही तर खालची ओळ आहेच. पण त्याची एक बारीक पट्टी मूळ मापात ०.३३ मिलिमीटरची असते. ती गोदामाच्या दारातून वाचायची हौस कोणाला असेल तर नमस्कार.

आता दादाचं गणित. २ मेगापिक्सेलच्या बऱ्याच सीसीटीव्ही कॅमेऱ्यांत १/२.८ इंची म्हणतात तो सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, असतो आणि त्यावरचा एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दादाच्या कॅमेऱ्याची लेन्स ४ मिलिमीटरची, म्हणजे तिची फोकल लेंथ तेवढी. समोरच्या थप्पीचं अंतर ९ मीटर. सूत्र तोंडपाठ करण्याइतकं सोपं आहे. पिक्सेलचं माप मायक्रॉनमध्ये, गुणिले अंतर मीटरमध्ये, भागिले लेन्स मिलिमीटरमध्ये. उत्तर थेट मिलिमीटरमध्ये येतं, आणि ते म्हणजे थप्पीच्या अंगावर एक पिक्सेल केवढी जागा व्यापतो. २.९ गुणिले ९ भागिले ४, साधारण ६.५ मिलिमीटर.

दादाच्या कार्डावर ८ सेंटिमीटरचा कोड होता आणि त्यात ५७ बाय ५७ घरं. म्हणजे एक घर १.४ मिलिमीटरचं. एका घराला चार पिक्सेल राहू द्या, इथे एकाच पिक्सेलमध्ये वीसेक घरं दाटीवाटीनं बसली होती, दिवाळीत बेळगावला येणाऱ्या शेवटच्या बससारखी. ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला असता तर? तेवढ्याच सेन्सरवर दुप्पट ठिपके बसवायचे म्हणजे पिक्सेल १.४५ मायक्रॉनचा, थप्पीवर ३.३ मिलिमीटर. वीसच्या जागी पाच घरं एका पिक्सेलमध्ये. पैसे गेले असते आणि राखाडी डाग थोडा सुबक दिसला असता. त्यात पिक्सेलचं क्षेत्रफळ पाव झालं की त्यात पडणारा उजेडही पाव, आणि गोदामात आधीच दोन ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी.

दादानं ऐकून घेतलं आणि शेवटचं अस्त्र काढलं. "मग कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाडी चालू असताना कसं वाचतात लांबून?"

तिथे कोणी छापलेलं वाचत नाही. फास्टॅगमध्ये एक चिप आणि पातळ अँटेना असते. नाक्यावरचं यंत्र रेडिओ लहरी सोडतं, चिप तेवढ्यावरच जागी होऊन आपला क्रमांक परत पाठवते. काचेवर धूळ असो, रात्र असो, तिला फरक पडत नाही. छापलेला कोड मात्र दिसावा लागतो, आणि दिसणं म्हणजे पिक्सेल. कॅमेरे तिथेही असतात, पण ते गाडीची नंबरप्लेट बघतात, आणि नंबरप्लेटवरचं अक्षर बोटभर जाड असतं.

"म्हणजे अक्षर मोठं पाहिजे," दादा म्हणाला. बरोबर. तिथून आम्ही कॅमेरा सोडून कार्डाकडे वळलो.

५७ घरं कुठून आली? दादानं सगळं मराठीत भरलं होतं. शेतकऱ्याचं नाव, गाव, मालाचं नाव, तारीख, मिळून सत्तरेक अक्षरचिन्हं. क्यूआर कोडाला नुसते आकडे सगळ्यात स्वस्त पडतात, तीन आकडे दहा बिटांत बसतात. इंग्रजी मोठी अक्षरं त्याहून थोडी महाग, दोन अक्षरांना अकरा बिट. आणि देवनागरी किंवा कन्नड लिपीतलं एकेक चिन्ह नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटचं, म्हणजे चोवीस बिट. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. देवनागरीतलं "बेळगाव" सहा चिन्हं, अठरा बाइट. कन्नड लिपीत "बेळगावी" लिहिलं तर सात चिन्हं, एकवीस बाइट. फलकावरच्या भाषेवरून आमच्याकडे काय काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण कोडाच्या आत दोन्ही भाषा सारख्याच महाग आहेत. सत्तर चिन्हांचे झाले २१० बाइट. मधल्या दुरुस्ती-पातळीला (ती काय भानगड ते लगेच सांगतो) दहाव्या पायरीचा कोड २१३ बाइट धरतो, आणि दहावी पायरी म्हणजेच ५७ घरं. कोड बनवणाऱ्या अॅपनं दादाला काही न विचारता ती निवडली होती.

थप्पीवर मुळात एवढं लिहायचंच कशाला? गोदामाच्या वहीत प्रत्येक थप्पीला क्रमांक आहे. कोडात तो दहा आकडी क्रमांक टाका, बाकीचं वहीत, म्हणजे आता एक्सेलमध्ये, राहील. दहा आकडे पहिल्याच पायरीत, २१ बाय २१ घरांत मावतात. इतकंच नव्हे, सगळ्यात वरची दुरुस्ती-पातळी घेतली तरी मावतात, कारण त्या पातळीलाही पहिली पायरी सतरा आकडे धरते. दुरुस्ती-पातळी म्हणजे कोडाचा काही भाग फाटला, मळला तरी उरलेल्यावरून तो भरून काढायची सोय. सगळ्यात खालच्या पातळीला साधारण ७ टक्के, सगळ्यात वरच्या पातळीला ३० टक्के. एरवी ही सोय घेतली की घरं वाढतात. इथे ती फुकट मिळाली, आणि सोयाबीनच्या धुळीत ती उपयोगाला येणारच होती.

मग दादानं ए-४ कागद घेतला आणि कोड कडेपर्यंत ताणून छापला. तो हातातल्या मोबाईललासुद्धा धड सापडेना. कोडाच्या चारही बाजूंनी चार-चार घरांइतकी कोरी जागा सोडावी लागते, नाहीतर कोड कुठे संपतो आणि पोत्याचं विणकाम कुठे सुरू होतं ते कळत नाही. म्हणजे २१ घरांचा कोड कागदावर जागा अडवतो २९ घरांची. ए-४ ची रुंदी २१ सेंटिमीटर, तेव्हा एक घर ७ मिलिमीटरचं जमतं, कोड १४.७ सेंटिमीटरचा, उरलेला कोरा. दिसायला कागद वाया गेल्यासारखा वाटतो. पण १.४ मिलिमीटरचं घर ७ चं झालं, पाचपट, आणि तेही कॅमेऱ्याला हात न लावता. याच पाचपटीसाठी पिक्सेल वाढवायचे झाले असते तर आडवे पाचपट आणि उभे पाचपट, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या जागी ५० चा कॅमेरा लागला असता.

एवढं करूनही जुन्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ६.५ मिलिमीटरचा आणि घर ७ चं. घरामागे जेमतेम एक. आपल्याला चार पाहिजेत.

इथे लेन्स येते. ४ मिलिमीटरच्या जागी १२ ची लावली की सगळं तिप्पट मोठं दिसतं, घरामागे सव्वातीन पिक्सेल. काठावर का होईना, जमतं. पण लेन्स फुकटात काही देत नाही. ४ च्या लेन्सला नऊ मीटरवर साडेबारा मीटर रुंद भिंत दिसत होती, १२ च्या लेन्सला सव्वाचार मीटर दिसते. रुंद बघायचं आणि बारीक वाचायचं, दोन्ही एका कॅमेऱ्यानं करायचं म्हटलं तर हिशेब असा होतो. साडेबारा मीटरला ७ मिलिमीटरनं भागा, सुमारे १,७८५ घरं. गुणिले चार पिक्सेल, म्हणजे सात हजारांवर आडवे ठिपके. नेहमीच्या लांबट चौकटीत तो २८ मेगापिक्सेलच्या आसपासचा कॅमेरा झाला. मिळतो, पण त्या पैशात दादा आणखी एक शेड घालेल. तीन कॅमेरे लावणं त्याहून शहाणपणाचं. आणि पोराच्या हातात मोबाईल देऊन त्याला गोदामातून एक चक्कर मारायला लावणं सगळ्यात शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी ते दादाला सांगितलं. त्याला ते पटलं नाही, कारण पोरगं चक्कर मारत नाही म्हणूनच तर कॅमेरा हवा होता.

मोबाईलचं नाव निघालंच आहे तर एक गैरसमज इथेच सोडवतो. "माझा फोन १०८ मेगापिक्सेलचा, तो कुठूनही वाचेल." फोनवर लिहिलेले ५०, १०८ किंवा २०० मेगापिक्सेल नेहमीच्या वापरात चार-चार, नऊ-नऊ किंवा सोळा-सोळाच्या गटानं एकत्र करून साधारण १२ च केले जातात, उजेड पुरावा म्हणून. आणि कोड वाचणारं अॅप फोटो काढतच नाही. ते पडद्यावरच्या चालत्या चित्रातल्या चौकटी तपासतं, आणि त्या चौकटी बहुधा १२८० बाय ७२० किंवा १९२० बाय १०८० च्या असतात. झटपट वाचायचं तर तेवढंच झेपतं. म्हणजे कोड वाचताना तुमचा १०८ चा फोन दादाच्या २ मेगापिक्सेलच्याच रांगेत उभा असतो.

"कोडाच्या दहापट अंतरापर्यंत वाचता येतं" हा छापखान्यातला ठोकताळाही इथूनच समजतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला जेवढं अंतर त्याच्या साधारण १.४ पट रुंदी दिसते. कोड अंतराच्या एक दशांश असेल तर तो चित्राच्या चौदाव्या हिश्शात येतो. १९२० चा चौदावा हिस्सा १३७ पिक्सेल. दुकानातल्या यूपीआय कोडात ३३ किंवा ४१ च्या आसपास घरं असतात, म्हणजे घरामागे चार किंवा सव्वातीन. ठोकताळा आकाशातून पडलेला नाही, तो त्याच तीन-चार पिक्सेलचा सोयरा आहे.

गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळानं वर्गणीसाठी फलकावर कोड लावला होता. फलक वीस फूट रुंद, वर बाप्पा, खाली पंचवीस कार्यकर्त्यांचे फोटो, आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत वीतभर कोड. वीत म्हणजे वीसेक सेंटिमीटर, दहापट केलं की दोन मीटर. रस्त्याच्या पलीकडून हात उंचावून फोन धरणाऱ्या माणसाचं अंतर आठ मीटर. त्याला ८० सेंटिमीटरचा कोड लागला असता, आणि तेवढ्यासाठी निदान सहा कार्यकर्त्यांना फलकावरून उतरावं लागलं असतं. मंडळात हा विषय मी काढलेला नाही. झूम करून मात्र थोडं निभावतं, आणि त्याला कारण आहे. सेन्सरकडे आडवे ४,००० ठिपके असतात आणि अॅप त्यांतून १,९२० च घेतं. बोटांनी दुप्पट झूम केलं की मधला तुकडा पूर्ण तपशिलासह मिळतो. दुपटीच्या पुढे वेगळी लेन्स नसेल तर नुसता फुगा फुगतो.

परत गोदामाकडे. माझी भाची बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, मामा, थप्पीचा फक्त क्रमांक हवाय ना, मग क्यूआर कशाला? आणि मला स्वतःचाच राग आला, कारण हे मला आधी सुचायला हवं होतं. रोबोंना लांबून ओळख पटावी म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या एडविन ओल्सन यांनी २०११ साली एप्रिलटॅग नावाची खूण मांडली. ती क्यूआरची थोरली नव्हे, धाकटी बहीण म्हणा. नाव-गाव काही साठवत नाही, फक्त क्रमांक. नेहमीच्या प्रकारात ५८७ वेगवेगळ्या खुणा आहेत, आणि बाहेरची कोरी पट्टी धरून घरं फक्त १० बाय १०. दादाच्या थप्प्या शंभरही नाहीत.

तोच ए-४ कागद, दहा घरं, एक घर दोन सेंटिमीटरचं. जुना कॅमेरा, जुनी ४ ची लेन्स, ६.५ मिलिमीटरचा पिक्सेल. घरामागे तीन. ही खूण ओळखणारा संगणकाचा कार्यक्रम फुकट उपलब्ध आहे, भाचीनं दोन रविवार घालवून तो दादाच्या जुन्या लॅपटॉपवर चालवला. तोटा एवढाच, की फोनमधलं साधं स्कॅनर ही खूण ओळखत नाही, म्हणून कार्डाच्या खाली छोटा क्यूआर ठेवला, जवळ जाऊन वाचणाऱ्यासाठी. एका कागदावर दोन खुणा, एक लांबची आणि एक जवळची.

पहिल्या दिवशी तरीही काही वाचेना. भाची गोंधळली, दादा "बघ, आठचा घेतला असता तर" म्हणू लागला. कार्यक्रम कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरकडून चित्र घेत होता, आणि रेकॉर्डर दोन प्रवाह देतो, एक पूर्ण आणि एक मोबाईलवर पटकन दिसावा म्हणून बारीक केलेला. आम्ही बारीक घेतला होता, आडवे ६४० ठिपके. कॅमेरा कितीही मोठा असू द्या, मधल्या नळीनं त्याचा तिसरा हिस्सा केला तर तेवढाच उरतो. म्हणून पाटीवरचे आकडे वाचत बसू नका. कार्यक्रमाला प्रत्यक्ष मिळणारं एक चित्र काढा, संगणकावर ते चौकोन दिसेपर्यंत मोठं करा आणि मोजा. क्यूआरच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन असतात ते नेमके सात घरं रुंद असतात. त्यांची रुंदी पिक्सेलमध्ये मोजून सातानं भागा. उत्तर तीनच्या खाली आलं तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

गोदामाच्या फाटकावर दादाला ट्रॅक्टरही टिपायचे होते, ट्रॉलीला क्यूआरचं कार्ड लावून. तिथे पिक्सेल भरपूर होते, कारण अंतर तीन मीटर आणि लेन्स मोठी. अडचण वेगळीच निघाली. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढ्या वेगानं जाणारा ट्रॅक्टर सेकंदाला १.४ मीटर सरकतो. कॅमेऱ्याचं शटर १/२५ सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात कार्ड साडेपाच सेंटिमीटर पुढे जातं. ७ मिलिमीटरची आठ घरं एकमेकांत फासली जातात. पिक्सेल वाढवले तर फासलेलंच जास्त बारकाईनं दिसेल. सरक अर्ध्या घराच्या आत ठेवायची तर शटर १/५०० वर आणावं लागतं, सरक २.८ मिलिमीटर. आणि शटर वीस पटीनं कमी उघडं म्हणजे उजेड वीस पटीनं जास्त हवा. दिवसा ऊन आहे. संध्याकाळी कॅमेरा आपलं आपण शटर परत लांबवतो, तेव्हा ते हातानं बांधून ठेवावं लागतं. आम्ही फाटकात एक दांडगा स्पीडब्रेकर घातला आणि वर पांढरा दिवा लावला. स्पीडब्रेकरनं दिव्याइतकंच काम केलं.

पांढरा दिवा का, याची गोष्ट अशी. आधी दिवा नव्हता, कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड एलईडी होते. रात्री ट्रॉलीवरचं कार्ड स्पष्ट दिसायचं, चारही कडा, पिन, सगळं, आणि कार्ड कोरं. दिवसा जावं तर त्यावर काळाकुट्ट कोड. दादाला वाटलं कोणीतरी रात्री कार्डं बदलतंय, आणि वॉचमनवर दोन दिवस उगाच संशय घेतला. कार्डं घरच्या इंकजेटवर छापली होती. रंग विरघळवून केलेली काळी शाई डोळ्याला काळी असते, पण इन्फ्रारेड उजेड तिच्यातून आरपार जातो, मागचा पांढरा कागद चमकतो आणि कोड गायब. बिलं निघतात त्या थर्मल कागदावरच्या छपाईचंही बहुधा हेच होतं. लेझर प्रिंटरच्या काळ्या पावडरीत कार्बन असतो, काजळच म्हणा, आणि तो इन्फ्रारेडही गिळतो. आता कार्डं चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर छापून येतात. पावसासाठी लॅमिनेशन केलं तर ते मॅट करून घ्यायचं, चकचकीत केलं की दिव्याचा पांढरा गोळा नेमका कोडावर बसतो.

वॉचमनची माफी दादानं चहा पाजून मागितली.

समोरच्या भिंतीच्या थप्प्या आता दारातून वाचल्या जातात. डाव्या भिंतीला लागून असलेल्या नाही. तिथली कार्डं कॅमेऱ्याला इतकी तिरकी दिसतात की दोन सेंटिमीटरचं घर एका सेंटिमीटरपेक्षाही कमी दिसतं, साठ अंशांच्या तिरक्यात रुंदी निम्मीच उरते. कार्ड दाराकडे वळवून लावायला लाकडी पट्टी ठोकायची आहे. सुतार पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गेला त्याला महिना झाला. तोवर पोरगं मोबाईल घेऊन त्या बाजूला चक्कर मारतं, कधी मारतं, कधी नाही.